स्वीडनमध्ये वरळीची खोली बांधतोय
मुंबईत वरळीला आमची बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फूट. आणि इथे स्वीडनमध्ये घराच्या आवारात परवानगीशिवाय बांधता येणारी छोटी केबिन 2008 ते 2025 च्या नियमात 15 चौरस मीटर, म्हणजे गुणून बघा, 161 चौरस फूट! तिला फ्रिगेबूद म्हणतात, 1979 साली हा नियम आला तेव्हाच्या मंत्रीबाई बिर्गिट फ्रिगेबू ह्यांच्या आडनावावरून (आपल्याकडे चौकाला नाव देतात, इथे खोपटाला).

तर मित्राच्या जुन्या घरामागे आम्ही अशी एक केबिन बांधतोय, लाईट-नळ काही न जोडता. तो सारखा विचारतो, एवढ्यात चार माणसं झोपणार कुठे? म्हटलं बाबा, आमच्याकडे आठ जण झोपायचे, गणपतीत पाहुणे वेगळे. पोटमाळा, पलंगाखाली ट्रंका, भिंतीला घडी होणारं टेबल, कोपऱ्यात मोरी, सगळं मी डोळे मिटून काढून दिलं. पाण्याचंही तसंच, पाईप थंडीत गोठून फुटणार, मग सरळ पिंप भरून ठेवायचं, ही सवय आपल्याला काय नवीन आहे का.

पण थंडीपुढे चाळीचं शहाणपण चालत नाही. आपल्या खिडक्या कायम उघड्या, इथे सगळं बंद, मग चार जणांचा श्वास आणि चहाची वाफ भिंतीत शिरते, आत गार जागी तिचं पाणी होतं आणि लाकूड कुजतं. म्हणून इन्सुलेशनच्या आतल्या, म्हणजे उबेच्या बाजूला प्लास्टिकचा सलग थर, एक भोक पडलं तरी टेप मारायची, आणि हवेसाठी वेगळे झरोके.

सोलरचं तर डोकंच फिरतं. डिसेंबरात स्टॉकहोमला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर, छपरावर बर्फ. म्हणून पॅनल दक्षिणेच्या भिंतीला उभे लावायचे, बर्फ साचत नाही आणि तिरकं ऊन समोरून मिळतं. त्यावर दिवे, फोन चालतील, हीटर विसरा, त्यासाठी लाकडाची शेगडी. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की आतून बिघडते, म्हणून ती पण आपल्यासोबत घरातच झोपणार.

आता वाद उरलाय फक्त संडासाचा, सुकी आणि ओली घाण वेगळी करणारा. मी म्हटलं बाहेर ठेवू, चाळीत कॉमनच होता की. बायको म्हणाली उणे पंधरात तू जा. मग आतच.