ढवळायचं का?

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार, म्युनिक

दीड दिवसाचा गणपती काल गेला. गेला म्हणजे बाल्कनीत आहे, बादलीत. आज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ह्याने दार उघडलं, आत डोकावला आणि विचारलं, "अगं, ढवळायचं का?"

बस, एवढंच. दिवसभर ऑफिसच्या कॉलमध्येही तेच डोक्यात.

प्रश्नात वावगं काही नव्हतं. उत्तरही सोपं आहे: नाही. शाडूला ढवळावं लागत नाही. खडखडीत वाळलेली माती पाण्यात गेली की पाणी तिच्या छिद्राछिद्रांत शिरतं, आतली हवा बाहेर ढकलली जाते, बुडबुडे येतात आणि माती आपल्या आपण ढासळते. अर्धवट ओली माती जास्त हट्टी असते. बिनरंगाचा तळ पहिल्यांदा सुटतो. मग कान, बोटं, सोंडेचं टोक. रंगाचा थर जाड असेल तिथे पाणी उशिरा पोचतं, आणि रंगाचे हात सगळ्यात जास्त फिरतात ते चेहऱ्यावर, डोळ्यांच्या आखणीवर. म्हणजे रात्रभर भिजल्यावर सकाळी काय उरलेलं असतं, ते लिहायला नको.

त्यात इथलं पाणी. म्युनिकचं बरंचसं पाणी मांगफाल नदीच्या खोऱ्यातून येतं, चुन्यामुळे चांगलंच जड. किटलीत पांढरी खपली धरते ते ह्यामुळेच. पाण्यातलं कॅल्शियम मातीच्या बारीक कणांना एकत्र बांधतं आणि गाळ झटपट खाली बसतो. गढूळपणाचा आडोसा तरी राहिला असता, तोही नाही. वर नितळ पाणी, खाली गाळ, आणि गाळावर ते डोळे.

पुण्यात असते तर हे बघावं लागलं नसतं, असं सकाळपासून वाटतंय. घाटावर मूर्ती कोणाच्या तरी हातात द्यायची, तो कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तीनदा बुडवणार, पाटावर चिमूटभर वाळू घ्यायची आणि घरी यायचं. पुढचं नदी बघून घेते. इथे इझार नदी हाकेच्या अंतरावर आहे, पण तिच्यात असं काही सोडायचं तर आधी परवानगी, मग प्रश्न, मग फॉर्म. कोण करतंय दीड दिवसासाठी?

आणि आरती तरी कशी. कापूर पेटवला की काजळी धरणारा धूर, कारण कापरात कार्बन भरपूर आणि ज्योतीला हवा अपुरी. पॅसेजमध्ये छताला स्मोक अलार्म. म्हणून निरांजनावर भागवायचं, कापराची एकच वडी, तीही उघड्या खिडकीशी. खिडकी उघडली की झांजा बाहेर. दहानंतर तर आवाज नकोच. काल "पुढच्या वर्षी लवकर या" आम्ही अशा आवाजात म्हटलं की कोणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, पाहुण्याला चोरून घराबाहेर काढताहेत. आईला व्हिडिओवर बादली दाखवली नाही. तिकडे साडेतीन तास पुढे, ती झोपायच्या बेतात होती. असो.

मोदक मात्र छान झाले. एरावण ह्या थाई ब्रँडचं तांदळाचं पीठ, लाल अक्षरांच्या पाकिटातलं. हिरवी अक्षरं म्हणजे चिकट तांदूळ. नुसत्या त्याच्या पारीची लेई होते, पण लाल पिठाच्या वाटीत तो एक चमचा घातला तर कळ्या पाडताना चिरा जात नाहीत. वाटीला वाटी पाणी, तूप, मीठ, आणि उकड गरम असतानाच मळायची. फ्रोझन खोबरं पूर्ण वितळवून, कढईत दोन मिनिटं कोरडं करून मगच गूळ, नाहीतर सारण पाणी सोडतं आणि वाफेत मोदक फुटतात. थाई पाकिटावर तीन सोंडांचा ऐरावत आहे. गणपतीच्या प्रसादाला हत्तीछाप पीठ, ह्यापेक्षा आणखी काय हवं. जास्वंद कुंडीतली, बागेच्या दुकानातून. दूर्वा हा दरवर्षीचा घोळ: इथलं लॉन बहुतेक रायग्रास नाहीतर फेस्क्यू. दिसायला हिरवं, पण आपली हरळी नव्हे. बाप्पाने चालवून घेतलं असावं.

पुन्हा बादलीकडे.

शास्त्राने पाहिलं तर अडचण काहीच नाही. उत्तरपूजा झाली, 'यान्तु देवगणाः सर्वे' म्हणून अक्षता टाकल्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवली. त्यानंतर देवपण गेलं, उरली माती. मातीला ढवळलं काय, न ढवळलं काय. हे मला कळतं. तरीही 'ढवळायचं का' ऐकून घशात काहीतरी अडकलं ते अडकलंच.

दुपारी वाटलं, राग त्या प्रश्नाचा नाहीच आहे. हे काम पुण्यातही कोणीतरी करतच होतं. घाटावरचा पोरगा, प्रवाह, नाहीतर हौदातला गाळ उपसणारी महापालिकेची माणसं. चेहऱ्याचं काय होतं ते त्यांना दिसत होतं, आपण पाठ फिरवून दही-पोहे खायला घरी. इथे पुजारी आम्ही, घाटावरचा पोरगा आम्ही आणि गाळ उपसणारेही आम्हीच.

नशीब, मूर्ती शाडूची आहे. प्लास्टरची असती तर ढवळावंच लागलं असतं, तेही पुन्हा पुन्हा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने काढलेली रीत: मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात, साधारण दोन दिवसांत खाली चुन्यासारखा गाळ आणि वर अमोनियम सल्फेटचं खतपाणी. इथे अमोनियम बायकार्बोनेट मिळतं ते मुख्यतः 'हिर्शहॉर्नझाल्त्स' ह्या पीठ फुगवायच्या पावडरीत, नाताळच्या लेबकूखन बिस्किटांसाठी, बोटभर पुड्यांमध्ये. किलोभराच्या मूर्तीला किती पुड्या लागतील! गल्ल्यावरच्या बाईंना वाटेल, ही सगळ्या मोहल्ल्याची बिस्किटं भाजतेय. आणि तो अमोनियाचा वास. शेजारच्या आजींनी घरमालकाला कळवलंच असतं.

उद्याचं काम: वरचं पाणी मगाने अलगद काढून जिरेनियमना घालायचं. गाळ सिंकमध्ये अजिबात नाही. खालच्या वाकड्या पाइपात शाडू जाऊन बसली की सिमेंटसारखी बसते आणि प्लंबरचं बिल मोदकांच्या खर्चाच्या कितीतरी पट. गाळ ताटात पसरून वाळवायचा. कुंड्यांत घालायचा तर एक भाग शाडू आणि पाच भाग कुंडीची माती, थोडी वाळू; नुसती शाडू पाणी धरून बसते, मुळं कुजतात. रंगाचे पापुद्रे आधी चमच्याने उचलायचे, ते कुंडीत नकोत. निर्माल्यातले दोरे आणि प्लास्टिकचे मणी काढून उरलेलं तपकिरी डब्यात, ओल्या कचऱ्यात.

पापुद्रे म्हणजे डोळेही आलेच. ते मी करणार नाही. ह्याला सांगितलंय, त्याने बिनतक्रार मान डोलावली. रविवारी मंडळाचा गणपती. तिथे मूर्ती फायबरची, दरवर्षी तीच; विसर्जन सुपारीचं, आणि मूर्ती बबलरॅपमध्ये गुंडाळून कोणाच्या तरी तळघरात, सायकली आणि हिवाळी टायरांच्या शेजारी, वर्षभर. त्यांची सुटसुटीत पद्धत बघून मला हेवा वाटायचा. आज तो टायरांशेजारचा खोका डोळ्यांपुढे आणून बघितला. नको, आमची बादलीच बरी.