तुम्ही विचारलंत म्हणून : वृद्धाश्रम चांगला आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

जळगाव-भुसावळकडे ज्या घरांतली मुलं पुण्याला, सुरतेला किंवा त्याही पलीकडे गेली, त्या घरांतून मला हमखास फोन येतो. "सिस्टर, आईला आश्रमात ठेवायचं म्हणतोय. एक बघून ठेवलाय. चांगला आहे का हो तो?" सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळले, निवृत्त झाले, आणि आता इकडच्या आश्रमांमध्ये मावशींना पेशंट कसा उचलायचा, कसा वळवायचा हे दाखवायला जाते. त्यामुळे माझ्याकडे सगळ्या आश्रमांची कुंडली असणार असा लोकांचा समज आहे. तशी ती नाही. पण गेल्यावर कुठे बघायचं, ते सांगू शकते. ठेवावं की ठेवू नये यावर मात्र मी बोलत नाही. ते तुमचं तुम्ही, भावाबहिणींनी बसून ठरवा.

बहुतेक लोक काय करतात? ऑफिसात बसतात, चहा घेतात, बाग बघतात, मंदिर बघतात, टीव्हीचा हॉल बघतात. फाटकाजवळ इस्त्रीचा शर्ट घातलेले एक काका खुर्ची टाकून बसलेले असतात. ते सांगतात, "इथं काही कमी नाही." काका खोटं बोलत नाहीत. ते चालतात, बोलतात, पेपर वाचतात आणि चहा गार आला की आरडाओरडा करतात. ओरडता येतं त्याची सोय सगळीकडे होते.

तुम्ही विचारा, "इथे सगळ्यात जास्त दिवस अंथरुणावर कोण आहे? त्यांना भेटता येईल का?" आज तुमची आई स्वतःच्या पायांनी चालत आत जाईल, पण काही वर्षांनी ती त्या खाटेवर असू शकते. तुम्ही आश्रम निवडताय तो त्या दिवसांसाठी. म्हणून न बोलणाऱ्या माणसाचं तिथे काय होतं, एवढंच मी बघते. बाकी रंगरंगोटी मला दिसत नाही.

त्या खाटेपाशी गेल्यावर आधी आजींना नमस्कार करा आणि "पाय बघू का?" असं त्यांनाच विचारा, मॅनेजरला नव्हे. परक्या माणसासमोर पेशंटचं पांघरूण फर्रकन ओढून "बघा, किती स्वच्छ ठेवतो" म्हणणारा आश्रम मला नको. त्याला लाजच कळत नाही. टाचा दिसल्या तरी पुरे. पडून असलेल्या माणसाला जखमा होतात त्या टाचांवर, माकडहाडावर आणि खुब्यावर, जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस उरलेलं नसतं. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडून परत लाल झाला, तर अजून वेळ हातात आहे. दाबूनही लालच राहिला, तर आत जखम सुरू झालेली आहे, वरून कातडी कितीही धड दिसो. सावळ्या अंगावर ही लाली चटकन दिसत नाही. तिथे कातडी जास्त काळपट, गरम किंवा टणक लागते का ते बघायचं.

पेशंट दर दोन तासांनी वळवायचा, हा आमच्या वॉर्डातला जुना नियम. "आमच्याकडे एअर बेड आहे ना" असं उत्तर मिळतं. असू दे की. त्याने मदत होते, पण वळवणं सुटत नाही. आणि त्या बेडची पिन बोर्डात आहे का, तेवढं वाकून बघा. मोबाईल चार्जिंगला लावायचा म्हणून पिन काढलेली मी पाहिली आहे. वळवल्याचा तक्ता लावलेला असला तर त्यावरही नजर टाका. तुम्ही सकाळी 11 वाजता गेलात आणि दुपारी 2 ची सही आधीच झालेली असली, तर पुढचं काही विचारायची गरज नाही.

आता पाणी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हे मी कोणाला सांगायला नको. म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळणंच कमी होतं. त्यात ब्लडप्रेशरसाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. पाणी कमी पडलं की माणूस आधी बरळतो. घरचे म्हणतात, "आईचं डोकं फिरलं." डोकं फिरलेलं नसतं, अंगातलं पाणी संपलेलं असतं, नाहीतर लघवीला इन्फेक्शन झालेलं असतं. प्रत्येक आश्रमात उशाशी तांब्या-पेला ठेवलेला दिसतो, त्यावर जाऊ नका. तो तांब्या तिच्या हाताला पोचतो का ते बघा. आणि सरळ तिलाच विचारा, "आजी, पाणी का नाही पीत?"

एका आजींनी मला दिलेलं उत्तर मी प्रत्येक नव्या मावशीला सांगते. त्या हळूच म्हणाल्या, "पानी पिलं की उठा लागतं. उठाले कोन बलावू?" म्हणजे त्यांना संडासाला नेणारं वेळेवर कोणी येत नव्हतं. तसंच अंथरुणात झालं तर बोलणी बसत होती, म्हणून त्यांनी आपलं पाणीच तोडलं होतं. पाणी आणि संडास हा एकच प्रश्न आहे. म्हणून बेलचं बटण कुठे आहे ते बघा. कित्येक ठिकाणी त्याची वायर गुंडाळून वरच्या खिळ्याला अडकवलेली असते, कारण "आजी उगाच दाबत बसतात." ती वायर खाली सोडा, दाबा, आणि कोणी यायला किती वेळ लागतो ते बघा.

त्याच्याच शेजारचा प्रश्न : इथे लघवीची नळी कितीजणांना लावली आहे? काहींना ती लागतेच, डॉक्टरांनी सांगितलेली असते. पण निम्म्या खाटांना पिशव्या लोंबताना दिसल्या, तर नळी पेशंटसाठी नाही, उठवायला-बसवायला माणूस नाही म्हणून आहे. नळी जितके दिवस आत, तितकं इन्फेक्शन जवळ. झोपेच्या गोळीचंही तसंच. सकाळी 11 वाजता अख्खा वॉर्ड शांत झोपलेला दिसला की नातेवाईकांना बरं वाटतं. मला धडकी भरते. त्या गुंगीत माणूस बाथरूमला उठतो, पडतो आणि खुबा मोडतो.

जेवणाचं लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि सगळ्यात कमी बघतात. भिंतीवर मेनू असतो, रविवारी भरीत, बुधवारी शेवभाजी. छान. पण ज्यांना दात नाहीत आणि हात थरथरतो, त्यांच्या ताटासमोर पाच मिनिटं बसा. भरवणारी मावशी उभी आहे की बसलेली? उभी असली की घास वरून येतो, आजींची मान मागे जाते, घास श्वासनलिकेकडे वळतो आणि ठसका लागतो. बसून, उशीचा आधार देऊन, हनुवटी जरा खाली ठेवून भरवायचं आणि पहिला घास गिळला की नाही ते बघून दुसरा द्यायचा. कळण्याची भाकरी वरणात कुस्करून एक वाटी भरवायला, पेशंट सावकाश गिळणारा असेल, तर अर्धा तास जातो. मावशी एक आणि भरवायची माणसं सात असतील, तर गणित तुम्हीच करा. संध्याकाळचं जेवण साडेपाचला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला, असाही प्रकार असतो. मधे 15 तास पोट रिकामं. इन्सुलिनवाल्या माणसाचं काय होत असेल? इन्सुलिन दिलं आणि ताट उशिरा आलं, तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, शुद्ध हरपते. इन्सुलिन कोण देतं आणि ताट किती वाजता येतं, हे दोन प्रश्न एका दमात विचारा. आणि वजनाची वही मागा. 50 किलोच्या बाईचं महिन्यात अडीच किलो वजन उतरलं असेल, तर त्याचं कारण कोणी शोधलं, हेही वहीत असायला पाहिजे. वजनाची वहीच नसेल, तर मेनूचा बोर्ड नुसता वाचायला चांगला.

अमेरिकेतला एक भाचा मला म्हणाला, "मावशी, त्याला रेटिंग किती आहे?" त्यांच्याकडे 2008 पासून सरकार नर्सिंग होम्सना तारे देतं, एकापासून पाचपर्यंत. माणसं किती आहेत ते आधी संस्थाच सांगायच्या. पुढे 2016 पासून पगारपत्रकावरून मोजायला लागले, तेव्हा शनिवार-रविवारी माणसं किती कमी असतात ते उघड्यावर आलं. आपल्याकडे असे तारे नाहीत. ट्रस्टची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, ती जरूर बघा, पण तिथे हिशेब तपासले जातात, टाचा नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात किमान 150 जणांच्या आश्रमाची गोष्ट आहे, मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्याची सोय आहे. पण आजींना रात्री कोणी वळवलं का, हे कायदा बघायला येत नाही. ते तुम्हालाच बघायचंय.

मात्र शनिवार-रविवारची गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या खान्देशात त्याला जोड आहे आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. आश्रमातल्या मावशी म्हणजे आसपासच्या गावांतल्या लेकी-सुनाच. आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाणार, झोके बांधणार, गाणी म्हणणार. तिचा तो हक्क आहे, कोणी अडवू नये. पण आखाजी येते ती ऐन उन्हाळ्यात. म्हणजे पाणी सगळ्यात जास्त लागतं त्याच आठवड्यात पाजणारी माणसं सगळ्यात कमी. जोडीला लाइट गेली की कूलर बंद. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा पुन्हा तेच. म्हणून मॅनेजरला मी एकच प्रश्न विचारते : "आखाजीला कामाला कोण असतं?" ज्याने व्यवस्था केलेली असते तो लगेच सांगतो, की अर्ध्या आधी जातात, अर्ध्या नंतर, आणि त्या आठवड्यात बदलीच्या दोन बाया जास्तीचे पैसे देऊन बोलावतो. बाकीचे म्हणतात, "ॲडजस्ट करतो हो, ताई." त्या ॲडजस्टमध्ये तुमची आई असते.

जमलं तर त्याच आठवड्यात, भर दुपारी 3 वाजता, न सांगता जा. आणि रात्रीचंही विचारा. रात्री 2 वाजता कोणाला धाप लागली तर जागं कोण असतं, डॉक्टरांना फोन कोण लावतं, कोणत्या दवाखान्यात नेतात, 108 ची गाडी फाटकातून आत येते का? वॉचमन हाच नर्स असेल तर ते कळू द्या. स्वस्त आश्रमात तसं असतंही. मी त्यांना नावं ठेवत नाही, महिन्याला जेवढे पैसे तुम्ही देता तेवढ्यात ते बसवतात. पण अंथरुणावरचा पेशंट तिथे ठेवू नये.

ज्यांना विसराळूपणाचा आजार आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट ऐका. संध्याकाळ झाली की ही माणसं घर मागतात. शिकलेल्या, शहरात आयुष्य काढलेल्या बाईच्या तोंडीसुद्धा तेव्हा अहिराणी येते, "माले घर जानं शे." ह्यावर मावशी काय बोलते ते ऐका. "घर कुठंय आता, विकलं तुमच्या मुलानं" असं म्हणणारी मी ऐकली आहे. आणि "जाऊत ना माय, पहिले चहा पी ले" म्हणत हात धरून व्हरांड्यात दोन फेऱ्या मारणारीही. दुसरीला पगार तेवढाच होता. ती किती वर्षं तिथे टिकली आहे ते विचारा. दर चार महिन्यांनी मावशी बदलत असतील, तर तुमच्या आईला कोणती गोळी कडू लागते आणि कोणत्या कुशीवर झोप लागते, हे कोणाच्या लक्षात राहणार? मावशीला एकटीला गाठून विचारा, "ह्या आजींना काय आवडतं?" पटकन उत्तर आलं, तर मला बाकीच्या बऱ्याच गोष्टी चालतात. भिंतीला ओल असली तरी चालते.

तक्रार करायची वेळ आली तर आधी लेखी द्या, तारीख टाकून. मारहाण, उपासमार असलं काही असेल तर ज्येष्ठांसाठीचा 14567 हा हेल्पलाइन नंबर आहे. पण तिथवर जाऊ द्यायचं नसेल, तर मला दुसऱ्यांदा फोन करून लोक जे विचारतात, त्याचं उत्तर आधीच देते. "सिस्टर, इथला साधा आश्रम बरा, की पुण्यातला लिफ्टवाला, डॉक्टरवाला?" पुण्यात तुम्ही स्वतः राहत असाल आणि आठवड्यात दोनदा वाकडी वाट करून जाणार असाल, तर पुणे. तुम्ही राहणार बोस्टनला आणि आईच्या जवळचं कोणी पुण्यात नसेल, तर इथला बघा, जिथे तुमची मामी किंवा शेजारच्या काकू स्कूटीवर दहा मिनिटांत पोचतील. मात्र त्या मामींना सांगून ठेवा : दर वेळी वेगळ्या वेळेला जायचं, जाताना फोन करायचा नाही, आणि गेल्यावर आधी टाचा बघायच्या.