फटकळ नव्हे, आगाऊ

आज ठाणे लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकलेल्या एका बाईंनी शेजारच्या अनोळखी मुलीला सगळ्यांदेखत विचारलं, "लग्नाला तीन वर्षं झाली ना? मग पाळणा कधी? डॉक्टरला दाखवलंस का?" ती बिचारी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. वर बाईंचं, "मी बाई फटकळ, पोटात काही ठेवत नाही!"

नाही हो. फटकळ माणूस खरं ते तोंडावर बोलतो, बोचलं तरी. कोणी विचारलेलं नसताना परक्याच्या संसारात नाक खुपसणं हा निव्वळ आगाऊपणा. आगाऊ रक्कम, आगाऊ आरक्षण यातला आगाऊ म्हणजे वेळेआधीचा. माणसाला लावला की पायरी सोडून पुढे पुढे करणारा. लहान पोराला "आगाऊ कुठला!" म्हणताना त्यात थोडं कौतुकही असतं. या बाईंना मात्र ती सवलत मी देणार नाही.