ओपन स्पेसचं कुलूप

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये आधी नुसता उंबर होता. मग कुणीतरी बुंध्याशी दत्ताची तसबीर ठेवली. पुढं ओटा झाला, पत्र्याचं शेड झालं आणि आता फाटकाला कुलूप आहे. आरतीपुरतं उघडतं. गुरुवारी मोजून बारा-तेरा माणसं जमतात, बहुतेक माझ्या वयाची. पोरं रस्त्यावर खेळतात.

मी स्वतः गुरुवार करते, म्हणून तर जास्त लागतं. लेक देव मानत नाही. ती म्हणाली, "मग मला बसायला जागा नको का?" मला उत्तर देता आलं नाही. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या भाभी नातवाला कोवळ्या उन्हात घेऊन उंबराखाली बसायच्या. त्यांना कुणी काही बोललं नाही, पण फाटक लागल्यावर त्या यायच्या थांबल्या. विचारलं तर म्हणाल्या, "चप्पल कुठं काढायची, कळत नाही ताई."

बुधवारी मी गोदाघाटावर बाजाराला जाते. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडच्या बाया करटुली घेऊन बसतात. गेल्या बुधवारी शेजारीच कुणाचं तरी दहाव्याचं चाललं होतं. पिंडाला कावळा शिवेना. घरची माणसं हात जोडून उभी, एक म्हातारी रडवेली झालेली. जवळच जुन्या नाशकातले एक चाचा विळ्यांना धार लावत होते. त्यांनी चाक थांबवलं. माझा विळा त्यांच्या हातात तसाच. "कौवा आवाज से डरता है," एवढंच हळू बोलले. करटुलीवालीनंही पोराला गप्प केलं. बऱ्याच वेळानं कावळा आला, तेव्हा कुठं चाक पुन्हा फिरलं.

याच गावात काळाराम मंदिराचे दरवाजे अस्पृश्यांना बंद होते. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढं काही वर्षं नेटानं चालवला. त्या गावात राहून आपण उंबराला कुलूप लावतो, याची मला लाज वाटते. दत्त उंबराखाली होताच की! त्याला फाटक कुणी मागितलं होतं?

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सगळं बोलणार आहे. आरतीची पाळी असते म्हणून या आठवड्यात किल्ली माझ्याकडे आहे. सोमवारपासून मी सकाळी फाटक उघडते, ते परत लावत नाही. काल भाभी येऊन बसल्या होत्या. चपला घालूनच.