तुम्हीच सांगितलेलं ना, टीचर

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. डिचोली तालुक्यातल्या तीन शाळांत मी काउन्सेलर म्हणून जाते, त्यातल्या एका हायर सेकंडरीत पीटीच्या टीचर अकरावीतल्या एका मुलाला घेऊन आल्या, म्हणे दोन दिवस पोटात दुखतंय पण घरी जा म्हटलं तर नको म्हणतो. पोटात दुखणारं पोर घरी जायला नको म्हणतं तेव्हा दुखणं पोटाचं नसतं.

अर्धा तास काहीच बोलला नाही. मग फोन उलटा टेबलावर ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. इन्स्टावर एका मुलीची रिक्वेस्ट, दहा दिवस चॅट, तिने आधी कपड्यांशिवायचा फोटो पाठवला मग याचा तसाच मागितला, याने पाठवला आणि पाच मिनिटांत याच्याच फॉलोअर्सच्या लिस्टचा स्क्रीनशॉट आला, पाच हजार दे नाहीतर सगळ्यांना पाठवतो. मुलगी वगैरे कोणी नव्हतीच. आईच्या फोनवरून चोरून दोन हजार जीपे केले, तर मागणी आठ हजारांवर गेली. पैसे दिले की ते थांबत नाहीत, हा देतो एवढंच त्यांना कळतं.

मी सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का? (असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं होता येतं.) म्हणाला, काल रात्री आलेला. त्यानंतर त्याला एक मिनिट एकटं सोडलं नाही.

मी म्हटलं, अरे माझ्याकडे का नाही आलास, जूनमधे तुमच्याच वर्गात या विषयावर बोललेले ना मी? तो म्हणाला, "तुम्हीच सांगितलेलं ना टीचर, एकदा फोटो गेला की परत येत नाही, आयुष्याची वाट लागते. मग सांगून काय उपयोग?"

खरंच सांगितलेलं. तीन शाळांत, प्रत्येक वर्गात. मुलं घाबरून जपून राहतील म्हणून. आणि हा मुलगा दोन रात्री ते वाक्य उशाशी घेऊन जागा होता.

तेव्हा रडायला वेळ नव्हता. त्याला म्हटलं फोटो मला दाखवू नकोस, पुरावा म्हणूनही कोणाला फॉरवर्ड करू नकोस, अठराच्या खालच्या मुलाचा तसला फोटो पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या ६७बी खाली गुन्हा आहे. चॅट, प्रोफाइलची लिंक, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घेतले. भीतीने अर्धं चॅट त्याने डिलीट केलेलं, उरलेलं पुरे झालं. रिप्लाय बंद, पैसे बंद. आणि हेही सांगितलं की हे मी गुपित ठेवू शकत नाही, पण तुला न सांगता काही करणार नाही.

ऑफिसात "पोलीस कशाला, शाळेचं नाव येईल" सुरू झालं. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, पॉक्सो २०१२, त्याचं कलम १९ दाखवलं, कळल्यावर पोलिसांना कळवावंच लागतं, ऐच्छिक नाही ते.

आई भिजतच स्कूटरवर आली. बाहेरच पॅसेजमधे तिला थांबवलं, म्हटलं ताई, आत गेल्यावर "का पाठवलास" एवढं आज विचारू नका. ती आत गेली, बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "ते दोन हजार तू काढलेलेस? मी बँकेत भांडून आले रे." आणि त्याच्या शेजारी बसली. पोरगा तेव्हा पहिल्यांदा रडला.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण दोन दिवस उलटलेले, पैसे मिळाले नाहीत. हा नंबर पहिल्या तासात लावला तर रक्कम अडकवता येण्याची शक्यता असते. लेडी पीएसआय साध्या कपड्यात घरी आल्या, युनिफॉर्ममधे मुलाचा जबाब घ्यायचा नाही हे कायद्यातच आहे. संध्याकाळी त्याने स्वतः टेक इट डाउनच्या साइटवर नोंद केली, अठराच्या खालच्या मुलांचे असे फोटो नेटवरून काढायला मदत करणारी साइट आहे ती. तिथे फोटो अपलोड होत नाही, फोनमधेच त्याचा एक डिजिटल ठसा बनतो आणि तेवढाच जातो, मग इन्स्टा-फेसबुकसारख्या सामील कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमधे ते चालत नाही, हेही सांगितलं, आता अर्धवट काही सांगायचं नाही असं ठरवलेलं.

धमक्या अजून चार दिवस आल्या, मग बंद.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर तो आला, माटोळीला (गणपतीच्या वर फळं टांगतात ती) बांधलेली दोन तोरिंजनं, म्हणजे पपनसं, घेऊन. म्हणाला भाऊ आठवीत आहे, त्यांच्या वर्गात बोलायला येणार ना? हो म्हटलं. "मग ते वाक्य काढा टीचर. त्याच्या जागी १९३० लिहा फळ्यावर."