गर्दीच्या दिवाणी कोर्टात दावा पुढे नेताना: माझा अनुभव

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या कामांची यादी, भरलेला असतो. आपल्या कामाचा पुकारा झाला की हातात दोन-चार मिनिटं मिळतात, आणि त्या वेळात दावा पुढे सरकणार की नुसती तारीख पडणार हे बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळीच ठरलेलं असतं. म्हणून माझ्या डायरीत पक्षकारांच्या नावांपुढे दोन रकाने असतात: काम कशासाठी नेमलं आहे, आणि त्या तारखेला आपल्याकडून कोणता कागद जायचा आहे. दुसरा रकाना रिकामा दिसला तर मी फाईल पुन्हा उघडतो. नोटीस, पुरशिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), अर्ज, यादी, काहीतरी राहून गेलेलं असतंच.

दुसरी सवय रोजनामा, म्हणजे कोर्टाने त्या तारखेच्या कामाची केलेली नोंद, वाचण्याची. कोर्टात तोंडी काय बोलणं झालं ते सहा महिन्यांनी कोणाच्याही लक्षात राहत नाही. न्यायाधीशांची बदली झालेली असते आणि नवे साहेब रोजनाम्यावरून काम समजून घेतात. 'वादीतर्फे कोणी हजर नाही' अशी नोंद चुकून पडली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बेंच क्लार्कच्या लक्षात आणून द्यावी. ई-कोर्ट्स ॲपमध्ये १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख दिसते. पण अर्जावर झालेला आदेश मात्र मूळ कागदावरच वाचावा.

दावा दाखल झाल्यावर पहिली अडचण समन्सची येते. नुसतं 'रा. अमुक गाव, ता. अमुक' लिहिलं तर समन्स बजावणाऱ्या बेलिफाचा अहवाल 'पत्ता अपूर्ण' असाच येणार. वाडी, वस्ती, जवळचं देऊळ किंवा शाळा, माहीत असल्यास मोबाईल नंबर, एवढं लिहावं. एकाच घरात चार प्रतिवादी असले तरी प्रती चार लागतात. वाटपाच्या दाव्यात एखादा प्रतिवादी अज्ञान (अल्पवयीन) असेल तर त्याच्या पालनकर्त्याच्या नेमणुकीचा अर्ज दाव्याबरोबरच द्यावा, नाहीतर पुढचं सगळं अडकतं. समन्स बजावणी न होता परत आलं तर नव्या समन्सचा अर्ज सात दिवसांत द्यायचा असतो (दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर ९, रूल ५; पुढच्या ऑर्डरही याच संहितेतल्या). ही मुदत फारशी कोणी पाळत नाही, आणि दावा काढून टाकला की मग धावपळ सुरू होते.

आता नि. (निशाणी) ५, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज. इथे प्रथमदर्शनी केस, सोय-गैरसोय आणि भरून न येणारं नुकसान या तीन गोष्टींवर सगळे बोलतात. माझ्या मते अर्ज कमजोर पडतो तो मिळकतीच्या वर्णनात. गट नंबर, एकूण क्षेत्र, त्यातला दाव्याचा भाग, चतुःसीमा, आणि वाद एका बांधापुरता असेल तर हातनकाशा, त्यात वादाचा तुकडा लाल रंगाने दाखवलेला. आदेश याच वर्णनावर होतो. वर्णन मोघम असेल तर मिळालेली मनाई जागेवर निरुपयोगी ठरते, कारण नक्की कुठे नांगर घालायचा नाही हे त्या कागदावरून कोणालाच कळत नाही. अर्ज चालवण्याआधी कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश करू नये' असा समोरच्याने आधीच दिलेला अर्ज, आहे का ते बघावं. कॅव्हेट ९० दिवस चालतं.

तूर्तातूर्त मनाई (अर्जाचा निर्णय होईपर्यंतची) एकतर्फा मिळाली की पक्षकार आनंदात घरी जातो. वकिलाचं खरं काम तेव्हा सुरू होतं. ऑर्डर ३९, रूल ३ प्रमाणे अर्ज, शपथपत्र, दाव्याची प्रत आणि कागदपत्रं समोरच्याला हातोहात द्यायची किंवा लगेच रजिस्टर पोस्टाने पाठवायची असतात, आणि तसं केल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं असतं. मी हे शपथपत्र आधीच टाईप करून ठेवतो, फक्त पोस्टाच्या पावतीचा नंबर आणि तारीख भरायची उरते. हे राहिलं की समोरचा वकील पहिला घाव इथेच घालतो, आणि हुकूम उठण्याचं ते पुरेसं कारण होऊ शकतं. रूल ३-अ प्रमाणे असा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा कोर्टाने प्रयत्न करायचा असतो, म्हणून वादीने पुढची तारीख लांबची मागू नये.

प्रतिवादीतर्फे हजर होताना कैफियतीची (दाव्याला लेखी उत्तराची) मुदत समन्स मिळाल्यापासून मोजायची, वकीलपत्र दिल्यापासून नाही. ३० दिवस, आणि कोर्टाने कारण नोंदवून वाढवले तर ९०. साध्या दाव्यात ही मुदत पूर्णपणे बंधनकारक नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटलं आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. 'विना कैफियत' आदेश झाला की तो रद्द करून घेण्यात तारखा जातात, खर्चही बसतो. व्यापारी वादात तर १२० दिवसांनंतर दार बंदच होतं.

मुदत अर्जाबद्दल, म्हणजे तारीख पुढे ढकलण्याच्या अर्जाबद्दल, थोडं. सुनावणीच्या टप्प्यावर एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असं ऑर्डर १७ सांगते, आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे कारण त्याच तरतुदीत नाकारलेलं आहे. साक्षीदार हजर आहे आणि वकील नाही, अशा वेळी कोर्ट त्याचा जबाब नोंदवून मोकळं होऊ शकतं. म्हणून दोन कोर्टांत एकाच दिवशी काम असेल तर पुराव्याच्या कामाला स्वतः उभं राहावं आणि दुसरीकडे ज्युनिअरला पाठवावं. त्याच्या हातात नुसता मुदत अर्ज देऊन चालत नाही. काम कुठवर आलं आहे, हे चार ओळींत लिहून द्यावं.

सगळ्यात जास्त नुकसान कागदांच्या पुराव्यात होतं. सरतपास (आपल्याच साक्षीदाराचा जबाब) शपथपत्रावर होतो, आणि शपथपत्र दाखल झालं म्हणजे कागद शाबीत झाले, असा समज नव्या वकिलांत हमखास दिसतो. तसं नसतं. प्रत्येक दस्तासाठी मी शपथपत्रात वेगळा परिच्छेद लिहितो: यादी नि. ३ मधील अनुक्रमांक अमुक, तारीख, कोणी लिहून दिला, कोणाची सही साक्षीदार ओळखतो, आणि मूळ दस्त कोणाकडे आहे. सातबारा आणि फेरफार यांच्या नकला तलाठ्याच्या सहीशिक्क्याच्या किंवा डिजिटल सहीच्या असाव्यात, झेरॉक्स नको. मूळ दस्त समोरच्याकडे असेल तर तो हजर करण्याची नोटीस आधी देऊन तिची स्थळप्रत रेकॉर्डवर ठेवावी, म्हणजे दुय्यम पुराव्याची (मुळाऐवजी नकलेची) वाट मोकळी होते. मोबाईलमधले फोटो, रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲपचे संदेश यांची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र लागतंच. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आलं. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहायची असते. मूळ फाईल त्या आधीच उघडून कापाकापी करू नका.

समोरच्याचा कागद पुराव्यात येत असताना हरकत कधी घ्यायची, हा भाग नीट समजून घ्यावा. साधारण हरकत नोंदवून कागदाला तात्पुरता नंबर पडतो आणि निर्णय शेवटी होतो. मुद्रांक कमी असल्याची हरकत मात्र तिथल्या तिथे घ्यायची आणि तिचा निर्णयही तेव्हाच मागायचा. दस्त एकदा पुराव्यात दाखल झाला की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे ती हरकत त्या दाव्यात पुन्हा घेता येत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरच्या साठेखतांत आणि वाटणीपत्रांत हा मुद्दा दाव्याचा निकाल फिरवू शकतो.

उलटतपासासाठी सगळे पत्ते आधी उघडायची गरज नसते. फक्त उलटतपासात साक्षीदाराला दाखवण्यापुरता असलेला कागद आधी यादीसह दाखल करण्याचं बंधन नाही, आणि तो साक्षीदार स्वतः पक्षकार असला तरी हेच लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. प्रश्न छोटे ठेवा. एका प्रश्नात दोन गोष्टी घातल्या की उत्तर 'अंशतः खरे' असं लिहिलं जातं आणि युक्तिवादात ते कोणाच्याच कामाला येत नाही. जबाब टाईप होत असताना पडद्याकडे लक्ष ठेवा. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांत फार अंतर आहे.

वाटपाच्या दाव्यांत वारसांचा घोळ दावा वर्षानुवर्षं लांबवतो. पक्षकार मयत झाल्याचं कळताच त्याच्या वकिलाने कोर्टाला पुरशिस देऊन कळवायचं असतं, ते त्या वकिलाचं कर्तव्य आहे. वारस रेकॉर्डवर आणायला मृत्यूपासून ९० दिवस. त्यानंतर त्या पक्षकारापुरता दावा रद्दबातल होतो, ते रद्द करून घ्यायला आणखी ६० दिवस. तेही गेले तर उशीर माफीचा अर्ज. उशीर झालाच असेल तर तिन्ही विनंत्या स्पष्टपणे मागाव्यात, फक्त 'वारस दाखल करावेत' एवढंच मागू नये. दर सहा महिन्यांनी मी पक्षकाराकडून वंशावळ पुन्हा तपासून घेतो. गावात कोण गेलं, कोणत्या मुलीचं लग्न होऊन नाव बदललं, हे त्यालाच ठाऊक असतं, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, आणि नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. नक्कल तयार होऊन पडली आणि आपण आठ दिवसांनी घेतली, तर ते आठ दिवस मात्र वजा होत नाहीत. नकलेच्या मागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तीन तारखा असतात, त्या वाचून अपिलाची शेवटची तारीख डायरीत लाल शाईने लिहावी. हुकूमनामा आपल्या बाजूने असेल तर दरखास्तीची (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागण्याची) मुदतही तिथेच: साधारणपणे १२ वर्षं, बंधनकारक मनाईच्या, म्हणजे अमुक पाडा किंवा अमुक काढा अशा हुकमाला फक्त ३ वर्षं, आणि निरंतर मनाईला मुदत नाही.