एकाच मॉडेलच्या पंधरा गिटारी

नवशिक्यासाठी स्वस्तात चांगली गिटार कोणती, हा प्रश्न माझ्या दुरुस्तीच्या टेबलाशी जवळपास रोज विचारला जातो आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एखाद्या मॉडेलचे नाव हवे असते. मी नाव सांगण्याऐवजी गिटार कशी तपासायची ते दाखवतो. असे का करतो, हे गेल्या जूनमधल्या एका दिवसाइतके स्पष्टपणे मला दुसऱ्या कशानेच दाखवता आले नसते, कारण एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या आणि एकाच किमतीच्या पंधरा गिटारी शेजारी शेजारी ठेवून तपासण्याची संधी माझ्यासारख्या कारागिराला क्वचितच मिळते.

त्या गिटारी पाटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेसाठी होत्या. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते, साडेचार हजारांना एक या भावाने घाऊक विक्रेत्याकडून माल उचलला होता आणि नापसंत नग आठ दिवसांत परत घेण्याचे विक्रेत्याने कबूल केले होते. शाळेचे संगीत शिक्षक खोक्यांनी भरलेला टेम्पो घेऊन थेट पुण्यात माझ्याकडे आले. ते मुरलेले हार्मोनियमवादक असले तरी गिटार त्यांनी कधी हाती धरली नव्हती. "लाकूड आणि तारा तुम्ही बघा, सूर मी बघतो," एवढेच बोलून ते स्टुलावर बसले आणि दिवसभर तिथून हलले नाहीत.

या किमतीच्या गिटारीविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे, तो असा की ती वाईट असते कारण तिचे लाकूड वाईट असते. या किमतीत गिटारीचे अंग बहुधा प्लायचे, म्हणजे लॅमिनेटेड असते, आणि अखंड स्प्रूसच्या फळीचा खोल, मोकळा आवाज त्यातून येत नाही, हे खरेच आहे. परंतु पहिल्या वर्षी ज्याला सी, जी आणि डी या कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वरसमूह, स्वच्छ वाजवायच्या आहेत त्याचे यामुळे काहीच अडत नाही. उलट आपल्या पावसाळी हवेत प्लाय अखंड फळीपेक्षा कमी फुगते. स्वस्त गिटारीत खरी बचत झालेली असते ती शेवटच्या हातकामात. नटच्या, म्हणजे डोक्याकडे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याच्या, खाचा योग्य खोलीच्या कापणे, फ्रेट, म्हणजे दांडीवरचे धातूचे पडदे, एका पातळीत आणणे, त्यांची टोके घासणे आणि सॅडलची, म्हणजे अंगाकडे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याची, उंची बसवणे या कामांना कुशल माणसाचा वेळ लागतो आणि साडेचार हजारांच्या वस्तूत तो वेळ परवडत नाही. म्हणूनच एकाच साच्यातून निघालेल्या दोन गिटारींपैकी एक लगेच वाजवण्याजोगी निघते, तर दुसरी पोराची बोटे सोलून काढते.

सुरुवात मी नेहमीप्रमाणे नजरेने केली. गिटार उचलून डोक्याकडच्या बाजूने, एक डोळा मिटून, नेकच्या, म्हणजे दांडीच्या, कडेवरून पाहिले की दांडी सरळ आहे की पिळवटलेली आहे हे कळते. एका गिटारीची दांडी पिळवटलेली होती आणि त्यावर कोणताही किफायतशीर उपाय नसल्यामुळे ती तिथेच बाजूला गेली. दुसरीच्या ब्रिजच्या, म्हणजे सॅडल ज्यात बसते त्या अंगावर चिकटवलेल्या ठोकळ्याच्या, मागच्या कडेखाली साधा वहीचा कागद सहज आत सरकला, म्हणजे गोंद सुटू लागला होता. बारा गेजच्या (गेज म्हणजे तारांची जाडी) तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तो ब्रिज दिवाळीपर्यंतही टिकला नसता. तिसरीचा ट्रस रॉड, म्हणजे दांडीचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, पाना कितीही फिरवला तरी पकडच घेत नव्हती. गिब्सन कंपनीला या सळईचे पेटंट 1923 साली मिळाले आणि स्टीलच्या तारांची गिटार टिकाऊ होण्यात तिचा मोठा वाटा आहे. ती निकामी असेल तर दांडीला बाक आल्यावर काहीही करता येत नाही, म्हणून तीही परत.

चौथी गिटार मात्र माझ्या नजरेने पकडलेली नाही. मी सर्व तारा ट्यूनरवर लावून एकेक गिटार गुरुजींसमोर धरत होतो आणि प्रत्येक तार आधी मोकळी, मग बाराव्या फ्रेटवर दाबून छेडत होतो. बाराव्या फ्रेटवर नेमका वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. त्या गिटारीची तिसरी तार छेडताच गुरुजींनी हात वर केला. "वरचा सा चढा लागतोय," ते म्हणाले. पाठोपाठ बाकीच्या ताराही त्यांनी चढ्याच ठरवल्या. ट्यूनर पाहिला तर स्वर वीस सेंटांहून अधिक वर होता. शंभर सेंटांचा एक अर्धस्वर धरला तर ही चूक लहान नव्हे. मोजपट्टी लावली तेव्हा कारण सापडले. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर 325 मिलिमीटर होते आणि बाराव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचे 321. तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो, म्हणून हे दुसरे अंतर पहिल्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवायचे असते; इथे ते उलट चारने कमी होते, कारण ब्रिजच चुकीच्या जागी चिकटवला होता.

हे गुरुजींना समजावताना मिरजेच्या सतारीचा दाखला देणे सोपे गेले. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, त्यामुळे वादक ते सरकवून स्वर जुळवून घेतो. गिटारीचे फ्रेट दांडीवरच्या पट्टीत ठोकून बसवलेले असतात आणि त्यांच्या जागा गणिताने ठरतात: उरलेल्या लांबीला 17.817 ने भागले की पुढच्या फ्रेटचे अंतर मिळते. हे सगळे गणित नट आणि सॅडल आपापल्या जागी आहेत असे धरून केलेले असते. ब्रिज सरकला की बारा फ्रेट बिनचूक असूनही गिटार बेसूर होते आणि नवा विद्यार्थी आपलाच कान कच्चा आहे असे समजून बसतो. ब्रिज काढून नव्याने बसवण्याचा खर्च त्या गिटारीच्या किमतीच्या जवळ गेला असता, म्हणून मी तिच्याही खोक्यावर खूण केली.

उरलेल्या अकरांपैकी दोन जवळपास तयार होत्या. बाकी नऊ गिटारींमध्ये एकच सामाईक दोष होता आणि माझ्या मते नवशिक्याच्या दृष्टीने तोच सर्वांत घातक आहे. नट उंच होते. तपासण्याची रीत सोपी आहे: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर किती फट राहते ते पाहावे. केसभर फट दिसली की पुरे. यांतल्या एका गिटारीत तिथे जवळजवळ एक मिलिमीटरची फट होती. पहिल्या वर्षात शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक कॉर्ड पहिल्या तीन फ्रेटमध्येच असतात, म्हणजे जिथे सर्वांत जास्त काम तिथेच तार सर्वांत कडक, आणि इतकी खोल दाबावी लागल्यामुळे स्वरही तिथेच चढा. एफची कॉर्ड जमत नाही म्हणून क्लास सोडलेली किती मुले मी पाहिली आहेत! त्यांच्या गिटारी नंतर विकायला म्हणून माझ्याकडे येतात, मी नट मोजतो, आणि त्या पोरांबद्दल मला मनापासून वाईट वाटते. दुकानात तपासताना पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून पाहावा. कॅपो लावल्यावर गिटार अचानक मऊ वाटू लागली तर दोष नटचा आहे आणि तो अर्ध्या तासाच्या कामाने जातो.

त्या नऊ गिटारींच्या खाचा मी कानस लावून खोल केल्या. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखालची उंची काही ठिकाणी साडेचार मिलिमीटरपर्यंत होती, ती अडीचच्या आसपास आणायची होती. त्यासाठी सॅडल काढून, सपाट काचेवर सँडपेपर ठेवून त्याचा तळ घासावा लागतो आणि बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरवायचा असेल तर सॅडल दोन मिलिमीटर उतरवावे लागते. फ्रेटची टोके घासली. बारा गेजच्या तारा काढून दहाच्या चढवल्या, त्यामुळे ताण साठ किलोच्या आसपास आला. आवाज थोडा बारीक झाला, पण शाळेतल्या बोटांसाठी तो सौदा योग्यच होता.

परत जाणाऱ्या चार गिटारींचे अठरा हजार रुपये सुटत होते. गुरुजींचा पहिला विचार त्याच पैशांत एकच, पण नावाजलेली, वरच्या किमतीची गिटार घेण्याचा होता. मी त्याला स्पष्ट विरोध केला, कारण ती कपाटात कुलूपबंद राहिली असती. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी नायलॉनच्या तारांच्या, पाऊण मापाच्या दोन गिटारी घ्याव्यात आणि उरलेल्या पैशांत तारांचे जादा संच, क्लिपचे ट्यूनर आणि जाड पिशव्या घ्याव्यात असे मी सुचवले. नायलॉनच्या तारांचा ताण चाळीस किलोंच्या आसपास असतो आणि लहान बोटांना त्या झेपतात; दांडीवरची पट्टी मात्र मापाच्या मानाने रुंद असते, म्हणून पूर्ण आकाराची न घेता पाऊण मापाची. आवाज कमी पडेल ही त्यांची शंका रास्त होती, परंतु वर्गात सगळ्या गिटारी एकत्र वाजणार असल्यामुळे ती त्यांनी सोडून दिली.

निघण्यापूर्वी मी त्यांना अडीच आणि तीन मिलिमीटरचे दोन ड्रिल बिट दिले. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली बिटचा गुळगुळीत दांडा सरकवून पाहायचा. अडीचचा तारेला न उचलता जेमतेम गेला तर ठीक, तीनचा सैल गेला तर उंची वाढली आहे. प्रत्येक गिटारीला क्रमांक देऊन त्या दिवशीचे माप आम्ही एका कागदावर लिहून ठेवले.

सप्टेंबरात त्यांचा फोन आला. क्रमांक चार आणि नऊमध्ये तीनचा बिट सैल जात होता. कोयनेच्या खोऱ्यातला पावसाळा पाहता हे अपेक्षितच होते. प्लाय झाले तरी दमट हवेत वरची फळी थोडी फुगते आणि तारांना घेऊन वर येते. गावातल्या एका सुताराने सॅडल घासून देण्याची तयारी दाखवली होती. मी त्यांना थांबायला सांगितले, कारण पावसाळ्यात घासलेले सॅडल थंडीत फळी खाली बसल्यावर कमी पडते आणि तारा फ्रेटवर खरखरू लागतात. वापर नसताना त्या दोन्ही गिटारी सिलिका जेलच्या पुड्या घालून पिशवीत ठेवाव्यात आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पुन्हा मोजाव्यात, असे ठरले. नोव्हेंबरात क्रमांक चारमध्ये पुन्हा अडीचचाच बिट जाऊ लागला. नऊचा फरक थोडा उरला होता. ट्रस रॉडला पाव फेरा कोणत्या दिशेने द्यायचा ते मी फोनवरच सांगितले आणि गुरुजींनी तो स्वतःच्या हाताने दिला.